न झालेल्या कुस्त्यांचा निकाल

पनवेलला कुस्तीचे गाव कोणी म्हणणार नाही. आमच्याकडे शर्यत म्हटली की बैलगाड्यांची, आणि पैजा लागायच्या त्याही बैलांवर. पण गेल्या तीस-चाळीस वर्षांत पनवेल, कळंबोली, कामोठे या पट्ट्यात घाटावरची माणसे पुष्कळ येऊन राहिली. कोणी लोखंड बाजारात माथाडी म्हणून आले, कोणी एसटीत, कोणी पोलिसात, तर कोणी माझ्यासारखे बँकेच्या बदल्या संपवून. आता सकाळी वडाळे तळ्याच्या काठी बाकावर जरा टेकलात, तर सातारा-सांगलीची बोली आगरी बोलीइतकीच कानांवर पडते. ही बोली पडू लागली की पावसापाण्याच्या आणि पेन्शनच्या गप्पा उरकून विषय कुस्तीवर येतोच.

या तळ्याकाठच्या मंडळात एक भांडण २०१६ पासून चालू आहे. सुशीलकुमार आणि नरसिंग यादव लढले असते, तर कोण पडला असता? एक निवृत्त माथाडी मुकादम नरसिंगच्या बाजूचे. कारण काय, तर तो महाराष्ट्र केसरी, म्हणजे आपला. एक निवृत्त हवालदार सुशीलच्या बाजूचे. दोघांचेही वय सत्तरीच्या पुढे, दोघांचेही गुडघे गेलेले. पण एकदा हवालदारांनी पट कसा काढतात हे दाखवण्यासाठी मुकादमांचा पाय असा काही धरला, की फिरायला आलेल्या दोन बायका घाबरून थांबल्या.

मला त्या भांडणापेक्षा त्याच्या आयुष्याचे कुतूहल आहे. झालेल्या कुस्त्यांवर ही मंडळी दहा मिनिटे बोलतात. कोणी कोणाला, कोणत्या डावावर, कितव्या मिनिटाला मारले हे एकदा सांगून झाले की विषय संपतो. न झालेल्या कुस्तीला मात्र शेवट नाही. तिच्यावर वर्षानुवर्षे बोलता येते, आणि त्या बोलण्यातून दोन माणसांची नावे घडत किंवा बिघडत राहतात. त्या माणसांनी मात्र त्या दिवशी अंगाला मातीही लावलेली नसते.

ज्यांना हे प्रकरण नीट आठवत नसेल त्यांच्यासाठी हकिकत सांगतो. सुशीलकुमार हा दिल्लीचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्य, २०१० मध्ये मॉस्कोला विश्वविजेता, २०१२ मध्ये लंडनला रौप्य. स्वतंत्र भारतासाठी वैयक्तिक खेळात दोन ऑलिंपिक पदके मिळवणारा पहिला खेळाडू. ही सारी कमाई ६६ किलो वजनगटातली. पुढे जागतिक संघटनेने वजनगटांची फेरमांडणी केली, त्यात ६६ किलोचा गट गेला आणि सुशील ७४ किलोत आला. २०१४ मध्ये ग्लासगोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने तिथेही सुवर्णपदक घेतले.

त्या ७४ किलोच्या घरात आधीपासून एक जण राहत होता. नरसिंग यादव मुंबईतल्या एका दूधवाल्याचा मुलगा; घराणे मूळचे वाराणसीकडचे, पण पोरगा घडला कांदिवलीच्या साई केंद्रात. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण, लंडन ऑलिंपिकमध्ये सहभाग, २०१४ च्या आशियाई स्पर्धेत कांस्य, आणि २०११, २०१२, २०१३ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा. राज्याच्या पोलीस दलात त्याला उपअधीक्षकाची नोकरी मिळाली. सप्टेंबर २०१५ मध्ये लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत त्याने कांस्यपदक घेतले आणि त्याबरोबर भारतासाठी रिओ ऑलिंपिकची ७४ किलोची जागा मिळवली. सुशील तेव्हा दुखापतीमुळे बाहेर होता.

आता खरी मेख. ही जागा नियमाप्रमाणे देशाची असते, पैलवानाची नव्हे. जागा मिळवली नरसिंगने, पण तिच्यावर कोणी बसायचे हे ठरवायचे कुस्ती महासंघाने. सुशीलचे म्हणणे साधे होते : आम्हां दोघांची चाचणी घ्या, जो जिंकेल तो रिओला जाईल. नरसिंगचे म्हणणेही तितकेच साधे होते : मी घाम गाळून जागा मिळवली, आता पुन्हा काय सिद्ध करू? महासंघ नरसिंगच्या बाजूने राहिला. सुशील दिल्ली उच्च न्यायालयात गेला, आणि ६ जून २०१६ रोजी न्यायालयाने त्याची याचिका फेटाळली. चाचणी झाली नाही.

मग महिनाभरात दुसरे संकट आले. सोनीपतच्या शिबिरात नरसिंगच्या उत्तेजक चाचणीत बंदी असलेले द्रव्य सापडले. माझ्या खाण्यापिण्यात कोणीतरी मुद्दाम कालवले, अशी त्याची तक्रार. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे नाडाने, १ ऑगस्टला त्याला निर्दोष ठरवले आणि तो रिओला पोचला. पण जागतिक संस्था, म्हणजे वाडा, या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे गेली. १८ ऑगस्टला लवादाने त्याच्यावर चार वर्षांची बंदी घातली. कटाच्या गोष्टीला लवादाला पुरावा दिसला नाही. दुसऱ्याच दिवशी त्याची कुस्ती होती. तीही झाली नाही.

म्हणजे एका उन्हाळ्यात एका वजनगटातल्या दोन कुस्त्या झाल्या नाहीत. एक दिल्लीत, एक रिओत.

माझे मत विचाराल तर न्यायालयाने केले ते योग्य केले. न्यायाधीशांनी आखाड्याचा पंच होऊ नये. दोष असलाच तर तो आधीच्या गप्प बसण्याचा आहे. लास व्हेगासला जाण्यापूर्वीच महासंघाने दोन ओळी लिहून काढायला हव्या होत्या : जागा मिळवणारा जाईल, किंवा चाचणी होईल. बँकेत आम्हाला पहिल्या वर्षीच शिकवत, कर्जाच्या अटी पैसे उचलण्यापूर्वी लिहायच्या. नंतर लिहिलेल्या अटीला ग्राहक अन्याय म्हणतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही. अट आधी लिहिली असती तर सुशील किंवा नरसिंग यांपैकी एक जण नाराज झाला असता, इतकेच. लिहिली नाही म्हणून दोघेही कायमचे संशयात राहिले.

संशय कसा, तो आमच्या बाकावर बसून ऐकावा. मुकादम म्हणतात, सुशील एवढा खात्रीचा होता तर जागा मिळवायची होती त्या वेळी का नाही उतरला? हवालदार म्हणतात, नरसिंगला स्वतःवर भरवसा होता तर चाचणीला हो का नाही म्हणाला? दोन्ही प्रश्नांना उत्तरे आहेत. एकाचा खांदा दुखावलेला होता, दुसऱ्याने आपली कमाई पुन्हा पणाला लावण्याचे कारण नव्हते. पण प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर नको असते, त्याला कुस्ती हवी असते.

बँकेच्या ताळेबंदाला एक शेपूट असते. वर ठेवी, कर्जे, गुंतवणूक असे सगळे आकडे जुळवून झाले की खाली संभाव्य देण्यांची एक वेगळी रक्कम दाखवतात. कोणासाठी दिलेली हमी, कोणाच्या नावाने उघडलेले पतपत्र. हे पैसे बँकेने दिलेले नसतात, कदाचित कधीच द्यावे लागणार नाहीत. म्हणून ते ताळेबंदात नसतात. तरीही व्यवहार जाणणारा माणूस आधी तिथेच नजर टाकतो. पैलवानाचे नाव हे बरेचसे या खालच्या रकान्यातले असते. जिंकलेल्या-हरलेल्या कुस्त्या वर. आणि लोक ज्याच्या भरवशावर त्याला मानतात, ते म्हणजे तो कोणाकोणाशी लढू शकला असता याचा अंदाज, तो खाली.

आता गामाचेच पाहा. आमच्या लहानपणी कोणी अंगापेक्षा मोठी बढाई मारली की घरात म्हणत, मोठा गामा लागून गेलास! गामा म्हणजे कोण, तो कुठला, हे सांगणाऱ्याला ठाऊक असेच असे नाही. जगात कोणी त्याला पाडले नाही, एवढे ठाऊक असे. हा गामा १९१० मध्ये लंडनला गेला. उंचीने बेताचा म्हणून तिथल्या स्पर्धेत त्याला घेईनात. मग त्याने जाहीर आव्हाने दिली. अमेरिकन पैलवान रोलर याला त्याने ऑगस्टमध्ये काही मिनिटांत दोनदा पाडले. १० सप्टेंबरला जॉन बुल पट्ट्यासाठी त्याची गाठ पोलंडच्या झ्बिश्कोशी पडली. झ्बिश्को धिप्पाड आणि नावाजलेला, पण गामाचा हिसका कळताच तो पोटावर पडून राहिला तो जवळजवळ संपेपर्यंत. अडीच तासांहून अधिक वेळ ती कुस्ती चालली, आणि शेवटी बरोबरीत सोडवावी लागली. पुन्हा लढत ठरली ती पुढच्या शनिवारी, १७ सप्टेंबरला.

त्या दिवशी गामा आला, झ्बिश्को आला नाही. पट्टा गामाला मिळाला.

ज्या पट्ट्यावर गामाची जगज्जेतेपणाची कीर्ती उभी आहे तो पट्टा त्याला न झालेल्या कुस्तीत मिळाला, ही गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. सांगितली तर लोकांना तो अपमान वाटतो. पण मला त्यात गामाचा उणेपणा दिसत नाही. उलट दहा तारखेला अडीच तास मातीचे ढेकूळ फोडावे तसा तो त्या माणसाशी झगडला, हेच सतरा तारखेच्या गैरहजेरीचे कारण असणार. तरीही गंमत अशी की त्या काळचा अमेरिकेचा अव्वल पैलवान फ्रँक गॉच याच्याशी गामाची गाठ कधीच पडली नाही. गॉच १९१७ मध्ये वारला. आपल्याकडे गृहीत धरले गेले की गामाने त्याला लोळवले असते. अमेरिकेत कुस्तीचे जाणकार अर्थातच उलटे गृहीत धरून बसले. दोन्ही देशांनी आपापला पैलवान जपून ठेवला. ती कुस्ती झाली असती तर एका देशाचे दैवत कमी झाले असते.

आणि झ्बिश्को? आपल्या लेखी तो पळालेला. पण हाच गडी पुढे १९२१ मध्ये एड 'स्ट्रँगलर' लुईसला हरवून अमेरिकेत विश्वविजेता झाला, हे आपल्याकडे किती जणांना माहीत असते? एका शनिवारच्या गैरहजेरीने त्याचे बाकीचे सगळे हिंदुस्थानपुरते पुसून टाकले. जानेवारी १९२८ मध्ये, पन्नाशीला आलेला असताना, तो बोटीने इथवर आला आणि पतियाळाच्या महाराजांच्या मैदानात गामासमोर उभा राहिला. मिनिटभराच्या आत पाठ मातीला. बिदागीसाठी आला असेल, असेलही. पण मला वाटते, थोडासा १७ सप्टेंबरसाठीही आला असावा. कादंबरी लिहिणाऱ्याला एवढी सूट द्या.

मुष्टियुद्धात तर न झालेल्या लढतींचा इतिहास झालेल्यांपेक्षा मोठा निघेल. तिथे एक कारण आपल्या ओळखीचे होते : वर्ण. हॅरी विल्स हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा १९२० च्या आसपास जगज्जेता जॅक डेम्प्सीचा पहिला हक्काचा आव्हानवीर मानला जाई. वर्षामागून वर्ष गेले. करार झाले, तारखांची बोलणी झाली, लढत झाली नाही. त्यातली एक हकिकत बँकेतल्या माणसाला विशेष रुचेल. १९२५ मध्ये पुन्हा करार झाला, तेव्हा विल्सला आगाऊ ५० हजार डॉलर मिळाले. डेम्प्सीला मात्र आयोजकाने २५ हजारांचा धनादेश पुढे केला. डेम्प्सीच्या बाजूने सांगतात ते असे, की बँकेत चौकशी केली तर खात्यात तेवढे पैसेच नव्हते. डेम्प्सीने कागद परत केला आणि लढत बारगळली. सप्टेंबर १९२६ मध्ये डेम्प्सी जीन टनीकडून हरला, अजिंक्यपद गेले, आणि विल्सची पाळी कधी आली नाही. डेम्प्सीच्या चरित्राला चिकटलेला डाग कोणता, तर हा. तो विल्सला घाबरत होता असे नाही म्हणत कोणी. त्या काळच्या आयोजकांना गोऱ्या जगज्जेत्यासमोर काळा माणूस उभा करायचा नव्हता, हे आता सर्वमान्य आहे. पण लढला नाही डेम्प्सी, नाव चिकटले डेम्प्सीला.

क्युबाच्या टिओफिलो स्टीव्हन्सनचे नेमके उलट झाले. १९७२, १९७६, १९८० अशी लागोपाठ तीन ऑलिंपिक सुवर्णपदके. व्यावसायिक होऊन महंमद अलीशी लढण्यासाठी अमेरिकन डॉलरांच्या राशी समोर ठेवल्या गेल्या, आणि त्याने त्या नाकारल्या. त्याच्या देशाच्या दृष्टीने नकार हाच त्याचा मोठा विजय ठरला. एकाला न लढण्याने डाग लागला, दुसऱ्याला तेज चढले. फरक एवढाच की स्टीव्हन्सनने नकार स्वतः दिला, निदान तसे जगासमोर आले. आणि डेम्प्सीच्या वेळी पडद्यामागे कोण काय म्हणाले याचा हिशेब कोणाला लागला नाही.

न झालेली लढत तिसऱ्या माणसाचेही नुकसान करते, हे मला पॅरिस ऑलिंपिकनंतर कळले. ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी विनेश फोगाटचे वजन ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरले आणि ती अंतिम लढतीतून बाद झाली. आदल्या दिवशी तिने जपानच्या युई सुसाकीला हरवले होते, त्या सुसाकीला आंतरराष्ट्रीय लढतीत तोवर कोणी हरवले नव्हते. त्यामुळे आपण सर्वांनी मनातल्या मनात विनेशच्या गळ्यात सुवर्णपदक घालून टाकले. साहजिक आहे. पण ते सुवर्ण जिने प्रत्यक्ष घेतले तिचे नाव आपल्यापैकी किती जणांना आठवते? सारा हिल्डेब्रँट, अमेरिकेची. आपल्या लेखी ती त्या दिवशी मॅटवर नव्हतीच. विनेश जिंकलीही असती; पण समोर माणूस होते, हे विसरून जिंकवणे बरे नाही.

लढत झाली म्हणजे काय होते याचीही उदाहरणे आपल्याकडे आहेत. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले ते सुखासुखी नव्हे. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्यावर अन्याय झाला अशी त्यांची तक्रार होती. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, महाराजांनी चाचणीची कुस्ती लावली आणि खाशाबांनी ती मारली, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, हे तर महाराष्ट्राला पाठ आहे. हेलसिंकीतले कांस्य हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. चाचणीची कुस्ती लागली नसती, तर आपण आजही 'खाशाबा गेले असते तर' हेच बोलत बसलो असतो, आणि ते ऐकणारे कराडच्या बाहेर कोणी नसते.

चाचणी म्हणजे दरवेळी न्याय, असेही नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या वेळी लातूरकडचे काका पवार आणि पप्पू यादव यांच्यातला निवडीचा वाद असाच कोर्टापर्यंत गेला, आणि अखेर गेले ते पप्पू यादव. काका पवार ऑलिंपिकला गेलेच नाहीत. पुण्यात त्यांनी तालीम उभी केली आणि पोरे घडवली. नरसिंगच्या वेळी या जुन्या वादाचा दाखला पुन्हा निघाला होता.

पण २०१९ ची मेरी कोम आणि निखत झरीन यांची लढत पाहा. मेरी सहा वेळा विश्वविजेती, निखत तेव्हा तेवीस वर्षांची. ऑलिंपिक पात्रता स्पर्धेसाठी मेरीची निवड चाचणीशिवाय व्हायला निघाली तेव्हा निखतने सरळ क्रीडामंत्र्यांना पत्र लिहिले. लोक हसले. २८ डिसेंबर २०१९ ला दिल्लीत लढत झाली आणि निखत ९-१ अशी हरली. मेरीने हस्तांदोलनही केले नाही. पण विषय त्या संध्याकाळी संपला. मेरी टोकियोला गेली, तिच्यावर कोणी बोट ठेवले नाही. निखत हरल्याचा शिक्का घेऊन परत सरावाला लागली आणि २०२२ मध्ये, पुन्हा २०२३ मध्ये, विश्वविजेती झाली. तिचा तो ९-१ चा पराभव मला तिच्या दोन्ही अजिंक्यपदांइतकाच महत्त्वाचा वाटतो.

सुशील आणि नरसिंगला हे मिळाले नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुशील तीन वर्षांनी मैदानात उतरला, इंदूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत. पहिल्या दोन कुस्त्या त्याने झटपट जिंकल्या. मग उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम फेरीत, तिन्ही वेळा, समोरच्या पैलवानाने त्याला पुढे चाल दिली. सुवर्णपदक मिळाले. चाहते म्हणाले, हा आदर. इतर म्हणाले, हा दबदबा. मे २०२१ मध्ये एका तरुण पैलवानाच्या खुनाच्या आरोपाखाली त्याला अटक झाल्यावर त्या तीन न झालेल्या कुस्त्या पुन्हा नव्याने सांगितल्या जाऊ लागल्या. आरोपाचे काय ते न्यायालय ठरवील. मी एवढेच म्हणतो की त्या तिन्ही झाल्या असत्या आणि सुशीलने मारल्या असत्या, तर लोकांना त्यांत नवा अर्थ भरता आला नसता.

नरसिंगची बंदी २०२० मध्ये संपली. त्या डिसेंबरात बेलग्रेडच्या जागतिक चषक स्पर्धेत तो उतरला आणि पहिल्याच फेरीत हरला. एकतिशी ओलांडलेली, चार वर्षे मॅटपासून दूर. तो पराभव बहुतेकांच्या लक्षातही राहिला नाही. आमचे मुकादम तर तो मानायलाच तयार नाहीत. त्यांचा नरसिंग २०१६ च्या जूनमध्येच उभा आहे, लंगोट कसून.

जागतिक पातळीवरचे हे सगळे आपल्या गावच्या जत्रेत लहान आकारात दरवर्षी होते. कुस्त्यांचे मैदान म्हणजे आधी जाहिरात. पूर्वी कागदी पत्रके असत, आता फ्लेक्स लागतात. एक नंबरची जोड मोठ्या फोटोंसह वर, त्याखाली दोन नंबर, तीन नंबर, अगदी तळाला नारळाच्या कुस्त्या. मग जत्रेच्या दिवशी एक नंबरचा गडी येत नाही. कधी इनामाचा आकडा पटलेला नसतो, कधी वस्ताद म्हणतो पोरगा अजून तयार नाही, कधी दोघे एकाच वस्तादाचे चेले निघतात आणि गुरुबंधूंनी लढू नये असा रिवाज आडवा येतो. कधी दोघेही येतात, अर्धा तास नुसती खडाखडी करतात आणि हलगीवाल्याचे हात दुखू लागल्यावर पंच कुस्ती सोडवतो. नुरा कुस्ती म्हणून प्रेक्षक ओरडतात. पण ती तरी झालेली असते.

वाळवा तालुक्यातल्या एका शाखेत मी १९८८ च्या सुमाराला शेतीकर्जांचे काम पाहत होतो. एके दिवशी म्हशीच्या कर्जासाठी एक जण आला. वय चाळिशीचे, कान मोडलेले, मान आखूड. गिरणीत होता, १९८२ च्या संपानंतर गावी परतलेला. जामीनदार कोण, विचारले तर शेजारच्या गावच्या माणसाचे नाव सांगितले. शाखेतल्या शिपायाने ते ऐकले आणि तो खुर्चीवरून उठून उभाच राहिला.

नंतर त्याच्याकडूनच कळले. पंधरा-एक वर्षांपूर्वी या दोघांची जोड लागली होती, चैत्रातल्या जत्रेत, एक नंबरला. दोन गावे आपापल्या पैलवानाच्या मागे. आदल्या रात्री वळीव असा कोसळला की हौद्यात गुडघाभर चिखल. कुस्ती पुढच्या जत्रेवर गेली. पुढच्या जत्रेआधी एकाचा हात मोडला, तो बसेपर्यंत दुसऱ्याने मुंबई धरली. बस्स. तेवढ्यावर दोन गावांनी पंधरा वर्षे काढली. या गावात म्हणत, त्याने मुद्दाम हात मोडून घेतला. त्या गावात म्हणत, हा भिऊन मुंबईला पळाला. सोयरिकीच्या बैठकीतही ही कुस्ती निघे. एकदा तर यावरून डोकी फुटली होती.

कागदांवर सह्या करायला दोघे एकत्र आले. जामीनदार उंच, शांत, बोटाने फेट्याचा शेव चाळत बसलेला. मला राहवले नाही. तुमच्या कुस्तीविषयी ऐकले, असे म्हणालो. कर्जदार हसला. "सायेब, तवा झाली असती तर एक जण पडला असता. पर पडून उठला तर असता."

जामीनदार काही बोलला नाही. त्याने अंगठ्याजवळची जागा दाखवायला सांगितली आणि मग अंगठा न देता, सावकाश, अक्षर अक्षर जुळवत सही केली.

म्हशीचे हप्ते वेळेवर आले. शेवटचा हप्ता भरायला दोघे सायकलवर डबलसीट आले होते. सोमवार होता, बाजारचा दिवस, शाखेत गर्दी. रांगेतल्या एका म्हाताऱ्याने दोघांना ओळखले आणि भर शाखेत आवाज चढवून विचारले, "खरं सांगा रं आता, कोन पडलं असतं?" सगळी रांग वळली. रोखपालाचे नोटा मोजणारे हातसुद्धा थांबले. दोघांनी ऐकू न आल्यासारखे केले, पावतीवर शिक्का मारून घेतला, आणि बाहेर जाऊन उंच होता तो पुढे बसला, दुसरा मागे.